दिव्याच्या वाटीवरचं धुकं

या मायबापहो, असे पुढे सरका. खांबाला टेकलेल्यांनीही या. दूर बसलात तर खाडीवरचा वारा माझे अर्धे शब्द वाटेतच वेचून नेईल. मांडी घाला, मन मोकळं करा. आज मी राजाची कथा सांगणार नाही, ऋषीचीही नाही. एका म्हाताऱ्या गाडीची, एका भाबड्या हाताची, आणि संपता संपेना अशा एका दिवसाची कथा सांगणार आहे. ऐका.

मार्गशीर्ष लागला होता. पहाटेचं दव माडांच्या झावळ्यांवरून थेंब थेंब ओघळत होतं. सूर्य अजून डोंगराआडच होता, पण त्याचा केशरी निरोप खाडीच्या पाण्यावर आधीच येऊन पोचला होता. पाणी निश्चल, गलबतं निश्चल, बगळेही निश्चल. अवघं शिरखाडी गाव जणू कुणाच्या तरी उत्तराची वाट पाहत श्वास धरून बसलं होतं.

आणि खरंच, उत्तराचीच वाट होती.

गावाचे कीर्तनकार मोरेश्वरबुवा शहरातून डोळ्याचं ऑपरेशन करून कालच परतले होते. उजवा डोळा आठ वर्षांपूर्वीच मावळला होता. उरला होता डावा. त्या उरल्या एका डोळ्यावर पांढरी पट्टी होती, पट्टीमागे अंधार होता, आणि अंधारामागे काय होतं ते देवालाच ठाऊक. उद्या सकाळी डॉक्टर घरी येऊन पट्टी सोडणार होते.

घरामागच्या मांगरात, कौलारू खोपटात, बुवांची गाडी उभी होती. काळी, दीर्घनासिका, गजगामिनी. परदेशी निघून गेलेल्या एका भक्ताने जाताना ती बुवांच्या दारात लावली, किल्ली पायांवर ठेवली आणि डोळे पुसत तो बोटीवर चढला. तेव्हापासून गाव तिला गरुड म्हणू लागलं. पुढच्या दोन्ही मडगार्डांवर तिचे दोन दिवे वेगवेगळे, ताठ उभे असत. काच पुढे, आणि काचेमागे, बाहेरून, पालथ्या वाटीसारखं गोल, गुळगुळीत, रुपेरी कवच. त्या कवचात अवघं आकाश मुठीएवढं होऊन बसे.

त्या गाडीचा सारथी सगुण परब. गळ्यात तुळशीची माळ, कमरेला पंचा, कानावर भिकबाळीच्या जागी पेन्सिल. सव्वीस वर्षं तो गाडी हाकत होता, आणि कीर्तन उभं राहिलं की त्याच हातांनी झांज वाजवत होता.

आता बुवांची एक रीत ऐका. कुठल्याही गावी गेलं, की देवळाच्या आवाराबाहेर गाडी थांबे. सगुण लाकडी स्टूल ठेवी. बुवा उजव्या दिव्याशी बसत, त्या रुपेरी वाटीत बघत, आणि जांभळा फेटा बांधत. पेच एक, पेच दोन, पेच सात. यजमान धावत आरसा आणत, बुवा हसून परत पाठवत. म्हणत, "आरशात घरचा मोऱ्या दिसतो हो. कीर्तनकार दिसतो तो इथेच."

पट्टी बांधलेल्या डोळ्याने घरी परतताना बुवांनी त्याच रीतीची एक कसोटी केली होती.

"सगुण्या," ते म्हणाले होते, "पट्टी सुटली की मला आधी उजव्या दिव्याशी ने. माझं तोंड मला दिसलं, तर पौर्णिमेच्या कीर्तनाचं बोलावणं आलंय, त्याला हो म्हणून कळवू. नाही दिसलं, तर देवाने पोथी मिटली असं समजायचं. मग कुणी आग्रह करायचा नाही. तूही नाही."

सगुण म्हणाला होता, "व्हय बुवा." आणि आज उजाडताच तो मांगराकडे धावला होता.

कारण आषाढापासून गरुड मांगरातून हललाच नव्हता. ओल लागू नये म्हणून सगुणाने दिव्यांवर गोणपाट बांधलं होतं. त्याच गोणपाटाने ओल धरून ठेवली, खारा वारा प्यायला, आणि पाच महिने तो खार दिव्यांना पाजला. सगुणाने गोणपाट सोडलं तेव्हा वाट्यांवर करडं मळभ होतं, आणि मळभावर गंजाचे तांबूस ठिपके. देवीच्या आजारातून उठलेल्या चेहऱ्यासारखं.

त्याने वाटीत पाहिलं. वाटीत कुणीच नव्हतं.

आता काय करावं? जे त्याने आयुष्यभर केलं, तेच त्याने केलं. देवळातल्या समया, घंटा, निरांजनं, ताम्हनं, सारी उपकरणी सगुणच घासत असे. त्याच्या हाताखालून निघालेली समई पाहून सुवासिनींना पदर नीट करावासा वाटे. त्याने चिंच भिजवली. चुलीतली राख चाळली. नारळाचा काथ्या घेतला. गाडी पुढे ढकलून उन्हात आणली, कारण उपकरणी उन्हातच उजळतात. आणि नाम घेत, मन लावून, सारं बळ मनगटात आणून त्याने उजव्या दिव्याची वाटी घासायला सुरुवात केली.

घासली. घासली. घासली.

राख फिरत होती, राखेबरोबर न धुतलेली वाळू फिरत होती, वाळूबरोबर सगुणाची श्रद्धा फिरत होती. जितकी श्रद्धा मोठी, तितका हात जड. गंज निघाला. सगुण हसला. मग त्याने पाणी ओतलं.

आणि त्याचं हसू ओठांवरच वाळलं.

वाटी घासलेल्या काचेसारखी पांढुरकी झाली होती. तिच्यावर सहस्र सूक्ष्म रेषा होत्या, कोळ्याने रागारागात विणलेल्या जाळ्यासारख्या. मधोमध बोटाएवढ्या जागेतून पिवळट धातू डोकावत होता. सगुणाने तोंड जवळ नेलं. एक धूसर, डोळे नसलेली सावली त्याच्याकडे बघत होती.

हेच उद्या बुवांना दिसणार होतं. हेच दिसणार, आणि बुवा समजणार की डोळा गेला.

सगुणाने भांडं पुन्हा जवळ ओढलं. त्याने आणखी चिंच घेतली. आणखी राख घेतली. भ्यालेला माणूस तीच चूक दुप्पट जोराने करतो, तसा तो डाव्या दिव्याकडे वळला.

"हात काढ! हात काढ आधी, मेल्या!"

कुंपणापलीकडून आवाज आला, आणि आवाजामागून फिलूबाय आली. फिलोमिना. शेजारच्या वाडीतली, साठीची, काळ्या किनारीचा पदर खोचलेली, एका हातात कोयती, दुसऱ्या हातात अर्धवट सोललेला नारळ.

"काय करतंस ह्यां?"

"देवाची उपकरणी अशीच घासतंय मी, फिलूबाय. सव्वीस वर्सां."

"तुझ्या देवाची उपकरणी पितळेची, बाबा! पितळ आतबाहेर पितळच. ह्यो मुलामो. ह्यो वर्ख. पेढ्यावरचो वर्ख कोण राखेन घासता रे? पेढो उरात, वर्ख जायत!"

सगुण खाली बसला. मातीत, गाडीच्या चाकाला पाठ लावून. फिलूबायने उजव्या वाटीवरून अंगठा फिरवला, हलकेच, तापलेल्या लेकराच्या कपाळावरून फिरवावा तसा. तिचा नवरा कायतान मुंबईत मुलाम्याच्या कारखान्यात राबला होता. बावीस वर्षं हिरव्या-पिवळ्या हौदांवर वाकून त्याने लोकांच्या वस्तूंना चांदण्याची कातडी चढवली, आणि त्या हौदांच्या वाफेने त्याची स्वतःची कातडी जागोजाग फोडली. तो खोकत गावी आला आणि एका पावसाळ्यात गेला. पण हातातली विद्या बायकोच्या हातात ठेवून गेला.

"ह्यां गेला," ती म्हणाली. "ह्यां आता होवचा नाय. खोटा कशाक सांगू? मुलामो पुन्हा चढवक होयो, तां काम मुंबैचा."

"उद्या सकाळी पट्टी सुटता, फिलूबाय." सगुणाने सारी हकिगत सांगितली. कसोटी सांगितली. "बुवा म्हणतले डोळो गेलो. कीर्तन बंद करतले. माझ्या हातान बंद झाला."

"मगे आधीच सांग तेंका, की वाटी तू बिघडवलंस."

मायबापहो, खरा काटा इथे होता. गेलं वर्षभर बुवांची नजर मंदावत होती, आणि गेलं वर्षभर सगुण त्यांना गोड खोटं सांगत होता. बुवा म्हणत, रस्ता दिसत नाही रे; सगुण म्हणे, धुकं पडलंय बुवा, मलाही दिसत नाही. बुवा म्हणत, श्रोते अंधुक दिसतात. सगुण म्हणे, गॅसबत्तीच्या मेंटलची जाळी जुनी झालीय. आणि एक दिवस भर दुपारी, लख्ख उन्हात, बुवा धुक्याबद्दल विचारून गेले, आणि सगुण 'आहे' म्हणताच उन्हाने तापलेल्या कपाळावरून हात फिरवून हसले. त्या दिवसापासून सगुणाच्या खऱ्यालाही खोट्याचा वास होता.

फिलूबायने नारळ खाली ठेवला. पदर आणखी घट्ट खोचला.

"डावी वाटी अजून जिती आसा," ती म्हणाली. "ऊठ. गाडी सावलीत घे. आणि माका सिगारेटीच्या पाकिटातली चांदी आणून दी. होयी तितकी."

तेव्हा काय झालं म्हणता! माळकरी सगुण परब, ज्याने आयुष्यात विडीचा धूरही ओलांडला नाही, तो भर बाजारात बाबल्याच्या पानपट्टीसमोर वाकून रिकामी पाकिटं वेचू लागला. बाबल्याने चुना लावता लावता हात थांबवला.

"काय ओ सगुणभाऊ, माळ खुंटीक लावलास काय?"

"चांदी होयी रे. पाकिटातली."

"ऐका! चांदी सोनाराकडे सोडून माझ्याकडे गावता म्हणे!"

बाकावरची मंडळी खदखदली. एक म्हणाला, बुवांच्या पुढच्या आख्यानात धूम्रपुराण येणार. सगुण हसला नाही, चिडला नाही. तो वेचत राहिला. त्याची कासावीस बोटं पाहून हळूहळू हसणं विरलं, आणि बाबल्याने फळीखालची टोपली उपडी करून सारी पाकिटं निमूट त्याच्या पंच्यात ओतली.

आंब्याच्या गार सावलीत गरुड उभा राहिला. फिलूबायने गरम पत्र्याला हात लावू दिला नाही; पत्रा निवेपर्यंत दोघं बसून राहिली. सावली सरकत होती, वेळ सरकत होता, आणि सगुणाच्या काळजात उद्याची सकाळ टकटक करत होती.

मग पाणी. आधी नुसतं पाणी, वरून खाली, हात न लावता, वाळूचा कण अन् कण वाहून जाईस्तोवर. मग साबणाचा सौम्य फेस आणि धुऊन धुऊन मऊ झालेलं मलमल. मग पुन्हा पाणी. मग वाटीच्या कडेने, जिथे रुपेरी संपतं आणि काळा रंग सुरू होतो, तिथे तिने मेणकागदाची पट्टी चिकटवली. "रंगाक हात लागलो तर तां दुसरा दुखणा," ती पुटपुटली.

मग तिने पाकिटातला चंदेरी कागद चुरगाळून त्याचा लहानसा गोळा केला, पाण्यात बुडवला, आणि गंजाच्या ठिपक्यावर फिरवू लागली. दाबलं नाही. घासलं नाही. फिरवलं. वाळूवरून सरकणाऱ्या लाटेसारखं, झोपलेल्याच्या केसांतून फिरणाऱ्या बोटांसारखं.

"आता तू."

सगुणाने गोळा घेतला. त्याचा हात जड होता. भीतीने जड, प्रेमाने जड. फिलूबायने त्याच्या मनगटाखाली आपली बोटं धरली. "जोर नको. जोर म्हणजे माया न्हय, सगुणा. हळू. आपोआप सुटता तां सोडूचा."

हळू. एक ठिपका विरला. हळू. दुसरा विरला. तपकिरी पाणी ओघळलं, तिने टिपलं, पुन्हा भिजवलं. हळू, हळू, हळू. प्रत्येक ठिपक्याशी सगुण श्वास धरी; हा सुटेल की हाही फाटेल? कुठल्या ठिपक्याखाली रुपं आहे आणि कुठल्याखाली नुसतं भोक, हे पुसल्यावाचून कळत नव्हतं, आणि पुसायचंच भय वाटत होतं. दोनदा त्याचा हात मागे आला. दोनदा तिने तो पुन्हा पुढे नेला.

ऊन तांबूस झालं तेव्हा वाटी कोरडी झाली. फिलूबायने मेणाचा पातळ हात दिला, फ्लॅनेलच्या मऊ कापडाने उजळला, आणि ती बाजूला झाली.

वाटीत आंब्याचं झाड उतरलं. संध्याकाळचं अवघं केशरी आभाळ उतरलं. आणि त्या आभाळाखाली दोन लहान, वाकलेली, थकलेली माणसं उभी होती, नखाएवढी, आणि स्पष्ट.

पण उजवी वाटी पांढुरकीच राहिली. आणि बुवांची पावलं सव्वीस वर्षं उजवीकडेच वळत आली होती.

सकाळ झाली. दव पडलं, ऊन आलं, डॉक्टर आले. ओटीवर गावातली चार मानकरी मंडळी हात जोडून बसली. पट्टीचा एकेक वेढा सुटू लागला, आणि बुवांच्या थोरल्या सुनेने देवापुढचं निरांजन नकळत छातीशी धरलं. शेवटचा कापूस निघाला. डॉक्टरांनी जाड भिंगांचा चष्मा बुवांच्या नाकावर ठेवला.

"काय दिसतंय, बुवा?"

बुवांनी पापणी उघडली. मिटली. उघडली. "उजेड दिसतो," ते म्हणाले. "रंग दिसतात, डुचमळल्यासारखे. बाकी आत्ता विचारू नका. सगुण्या, चल."

सगुणाने हात धरला. त्याने ठरवलं होतं, अंगणातून डावीकडे वळवायचं, बोलत बोलत, कळू न देता. पण आंब्यापाशी येताच बुवांनी हात सोडवून घेतला. वाट त्यांच्या पायांना पाठ होती. ते गेले, उजव्या दिव्यापाशी गेले, चाचपून स्टुलावर बसले, आणि त्यांनी वाटीत पाहिलं.



बुवांनी चष्मा सारखा केला. मान पुढे नेली. मागे घेतली. पंच्याच्या टोकाने वाटी पुसली, पुन्हा पाहिलं. मग त्यांचे खांदे हळूच खाली आले, वारा पडल्यावर शीड येतं तसे.

"धुकं आहे," ते शांतपणे म्हणाले. "बरं. त्याची इच्छा."

"डोळ्यात नाही बुवा!" सगुण ओरडला. "धुकं वाटीवर आहे! मी घासली. चिंच लावून, राख लावून, समईसारखी घासली. मुलामा गेला. डोळा चांगला आहे तुमचा!"

बुवा हसले. ते हसू पाहवत नव्हतं. "गेल्या वर्षी धुकं रस्त्यावर होतं, सगुण्या. मग बत्तीच्या मेंटलात होतं. आज वाटीवर आलं का? पुरे हो. तुझी माया कळते मला. पण आता मला असं लहान मुलासारखं सांभाळू नकोस."

"ते सगळं खोटं होतं," सगुण म्हणाला. ओटीवरच्या मंडळींसमोर, सुनेसमोर, डॉक्टरांसमोर म्हणाला. "वर्षभर खोटं बोललो मी. रस्त्यावर धुकं नव्हतं. बत्तीही चांगली होती. तुमची नजर जात होती आणि ते सांगायची मला छाती नव्हती. तेव्हाच सांगितलं असतं, तर तेव्हाच इलाज झाला असता. ते खोटं होतं बुवा. हे खरं आहे. एकदा डावीकडे बघा. मग मला घालवून द्या."

माडाची एक झावळी हलली आणि थांबली. बुवा उठले. सगुणाने स्टूल उचललं, गाडीला वळसा घातला, डाव्या दिव्याशी ठेवलं. बुवा बसले. बुवांनी पाहिलं.

मग त्यांनी बोट उचलून स्वतःच्या कपाळाला लावलं. वाटीतल्या म्हाताऱ्यानेही लावलं. त्यांनी मिशी चाचपली. भुवई वर केली. ओठ मुडपले. सारं तिथे होतं, पांढऱ्या खुंटांसकट, सुरकुत्यांसकट. मग त्यांची नजर स्वतःवरून सरकून मागे गेली, त्या मुठीएवढ्या आभाळात, आपल्या खांद्यामागे.

"सगुण्या," बुवा म्हणाले, मागे वळून न बघता, "रडतोस कशाला? डोळा माझा कापलाय, तुझा नव्हे. नाक पूस ते. उजव्या नाकपुडीखाली कालची राख लागलीय अजून तुझ्या."

ओटीवर एकदम कुणीतरी हुंदका दिला आणि कुणीतरी हसलं. सून आत धावली. जांभळा फेटा आला. पेच एक. पेच दोन. तिसऱ्या पेचाला बुवांचा हात थांबला. ते म्हणाले, "पौर्णिमेचं हो म्हणून कळवा. आणि सगुण्या, खोटं बोललास त्याबद्दल तुला शिक्षा आहे. त्या रात्री कीर्तनाचा पूर्वरंग सुरू होण्याआधी तू उभा राहायचंस, आणि ही सारी हकिगत लोकांना सांगायचीस. चिंचेसकट."

सगुणाने सांगितली. पौर्णिमेला, भरल्या मंडपात, झांज खाली ठेवून, लाजत, अडखळत सांगितली. लोक हसले, लोकांनी डोळे पुसले, आणि बुवांच्या जयजयकाराने मंडपाचं छत हललं. पण मायबापहो, त्या जयजयकारात फिलूबाय नव्हती. ती आपल्या वाडीत खोबरं वाळत घालत होती. तिला बोलावणं पाठवायचं सगुणाला घाईत राहून गेलं, आणि बोलावणं नाही म्हणून रुसायचं तिला सुचलं नाही.

म्हणून तुमच्यापाशी एवढंच मागतो. उद्या घरी जाल, आवडत्या कशावर तरी धूळ दिसेल, हात आपोआप जड होईल. तेव्हा क्षणभर थांबा आणि त्या बाईची आठवण काढा. कायतानची बायको, फिलूबाय. जिच्या बोटांना ठाऊक होतं, की कुठे घासायचं आणि कुठे नुसतं फिरवायचं. जी कुणाच्याही आभाळावरचा डाग असा पुसायची, जसं पाणी पाण्यावरून जातं. हळू, बाबांनो, हळू, अगदी हळू.